लखपत : नदीने सोडलेले बंदर

भारताच्या पश्चिम टोकाला कच्छचे द्वीपकल्प पसरलेले आहे. त्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस कच्छचे आखात, उत्तरेस मोठे रण आणि पूर्वेस छोटे रण आहे. पावसाळ्यात रणाचा सखल भाग पाण्याखाली जातो व हा सारा प्रदेश जवळजवळ बेटच बनतो. या एकाकी भूभागाच्या वायव्य कोपऱ्यात, कोरी खाडीच्या काठी, लखपत हे जुने बंदर आहे.

भूजहून लखपतपर्यंतचा रस्ता सुमारे १३५ किलोमीटरचा आहे. वाटेत खुरटी काटेरी झुडपे आणि उजाड माळ यांखेरीज फारसे काही दिसत नाही. त्यामुळे अखेरीस जेव्हा दगडी तट व त्याचे बुरूज एकाएकी समोर उभे राहतात, तेव्हा प्रवाशाला आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. जमादार फत्ते महंमद याने १८०१ मध्ये बांधविलेली ही तटबंदी सुमारे ७ किलोमीटर लांबीची आहे. आत मात्र थोडीशी घरे, पडक्या भिंती व मोकळी जमीन एवढेच उरले आहे. एवढ्या मोठ्या तटाच्या आत एवढी लहान वस्ती का, असा प्रश्न साहजिकच मनात येतो.

याचे उत्तर सिंधू नदीच्या इतिहासात सापडते. एके काळी सिंधूची एक पूर्वेकडील शाखा कोरी खाडीतून समुद्रास मिळत असे. समुद्रातून आलेला माल येथून सिंध प्रांतात जाई व तिकडचा माल येथे येई. नदीच्या गोड्या पाण्यावर आसपास भातशेतीही होत असे. कच्छ संस्थानाच्या नाण्याला ‘कोरी’ म्हणत. लखपतचे रोजचे उत्पन्न एक लाख कोरी होते व त्यावरूनच गावाला हे नाव पडले, असे लोक सांगतात. ही आख्यायिका असली, तरी गावाच्या जुन्या वैभवाची स्मृती तीत टिकून आहे.

या वैभवाला पहिला धक्का निसर्गाने नव्हे, तर माणसाने दिला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कच्छ व सिंध यांच्यात वैर उद्भवले. १७६२ मध्ये झारा येथे मोठी लढाई झाली. त्यानंतर सिंधच्या राज्यकर्त्यांनी नदीच्या शाखेवर बांध घालून कच्छकडे येणारे पाणी अडविले. पाणी आटताच भातखाचरे ओसाड पडली आणि जमीन खारावली. तरीही जो काही व्यापार उरला होता, त्याच्या बळावर लखपत तग धरून राहिले.

दुसरा धक्का १६ जून १८१९ रोजी सायंकाळी बसला. त्या दिवशीच्या प्रचंड भूकंपाने रणातील जमीन एका बाजूस खचली व तिच्या उत्तरेस एक लांबच लांब उंचवटा वर आला. हा उंचवटा सुमारे ८० किलोमीटर लांब असून काही ठिकाणी त्याची उंची ६ मीटरच्या आसपास आहे. माणसांनी घातलेल्या बांधांहून तो वेगळा ओळखता यावा म्हणून लोकांनी त्याला ‘अल्ला बंद’ असे नाव दिले. लखपतच्या उत्तरेस असलेला सिंद्रीचा लहान किल्ला समुद्राच्या पाण्यात बुडाला. अलेक्झांडर बर्न्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२७-२८ मध्ये तेथे जाऊन पाहणी केली. भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल याने आपल्या ग्रंथात या घटनेचे सविस्तर वर्णन केल्यामुळे हा निर्जन प्रदेश जगातील विद्वानांना परिचित झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भूकंपामुळे लखपतजवळची खाडी उथळ न होता उलट अधिक खोल झाली. गलबतांना पाण्याची उणीव राहिली नाही. परंतु सिंधकडून येणारी नदी पुन्हा पूर्ववत झाली नाही. १८२६ च्या महापुरात सिंधूचे पाणी अल्ला बंद फोडून काही काळ खाडीपर्यंत पोहोचले, पण ते टिकले नाही. ज्या बंदराच्या पाठीशी शेती नाही, पिण्याचे पाणी नाही व माल नेण्याचा जलमार्ग नाही, तेथे केवळ समुद्राचे पाणी असून काय उपयोग? व्यापारी हळूहळू गाव सोडून गेले.

आज लखपतमध्ये दोन वास्तू आवर्जून पाहण्यासारख्या आहेत. गुरू नानक आपल्या प्रवासात येथे मुक्कामास होते, अशी श्रद्धा असून त्यांच्या स्मृत्यर्थ गुरुद्वारा आहे. तेथे लाकडी पादुका व पालखी जतन केलेली आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात या वास्तूची हानी झाली. ग्रामस्थांच्या सहभागाने तिचे जतन करण्यात आले आणि २००४ मध्ये त्या कार्यास युनेस्कोचा पुरस्कार लाभला. दुसरी वास्तू म्हणजे पीर घौस महंमद यांची काळ्या दगडाची कोरीव कबर. हिचे बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले, पण ते अपूर्णच राहिले.

लखपतला हिवाळ्यात जावे, पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे आणि दिवस मावळण्यापूर्वी तटावर चढावे. उत्तरेकडे नजर जाईल तेथवर चिखल, मीठ आणि खाडीचे स्थिर पाणी पसरलेले दिसते. सिंधूची गलबते याच वाटेने येत असत. खाडी अजून आपल्या जागी आहे. नदी मात्र आता तिला येऊन मिळत नाही.