विश्लेषण : स्टेनलेस स्टीलची पोकळ तुळई किती भार पेलते? किती लवते?

समुद्राजवळ जिना, गॅलरी किंवा पादचारी पूल बांधायचा म्हटले की पहिला प्रश्न गंजाचा. खारा वारा साध्या पोलादाचा रंग टिकू देत नाही. स्टेनलेस स्टीलचा पर्याय सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याची किंमत कळली की बेत बारगळतो. या महागाईत थोडा वाटा हिशेबाच्या पद्धतीचाही आहे. स्टेनलेसच्या तुळया बराच काळ साध्या पोलादाच्या मापाने मोजल्या गेल्या. त्यामुळे महाग धातू गरजेपेक्षा जास्त वापरला गेला.

तुळई पोकळ का असते?

तुळई वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधला भाग जवळजवळ रिकामा बसून असतो. म्हणून धातू मधून काढून कडेला नेला की फायदा होतो. १०० बाय १०० मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा बॉक्स पाइप घ्या. त्याचे वजन मीटरला सुमारे १२ किलो भरते. तेवढ्याच वजनाची भरीव चौकोनी सळई जेमतेम ३९ मिलिमीटरची होईल. वाकण्याविरुद्ध पाइपची ताकद त्या सळईच्या सुमारे पावणेपाच पट आणि ताठपणा बारा पट. धातू तितकाच, फक्त जागा बदलली.

मग भिंत आणखी पातळ का करत नाहीत?

पपईच्या पानाचा पोकळ देठ वाकवून पाहिलेल्यांना उत्तर माहीत आहे. देठ आधी चपटा होतो आणि मग एका जागी मुडपतो. गोल पाइपही वाकताना असाच लंबगोल होऊ लागतो. त्याचे गणित ब्रेझियर या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मांडले. (बांबूची पेरे हे चपटे होणे रोखतात.) चौकोनी पाइपमध्ये दाबाखालच्या सपाट भिंतीला लाटा येतात. धातूची ताकद शिल्लक असताना आकारच हार मानतो. त्यामुळे भिंतीची रुंदी आणि जाडी यांचे गुणोत्तर पाहून युरोपीय संहिता अशा छेदांचे चार वर्ग करते.

स्टेनलेस वेगळे कुठे पडते?

साधे पोलाद ठरावीक ताणापर्यंत स्प्रिंगसारखे वागते आणि मग एकदम शरण जाते. तो ‘यील्ड पॉइंट’ आलेखावर स्पष्ट दिसतो. स्टेनलेसमध्ये असा क्षण येतच नाही. त्याची रेषा हळूहळू झुकत जाते. म्हणून अभियंत्यांनी एक संकेत ठरवला : भार काढल्यावर ०.२ टक्के, म्हणजे मीटरमागे २ मिलिमीटर, कायमची लांबी उरेल तो ताण ही मर्यादा. नेहमीच्या ३०४ प्रतीत ती चौरस मिलिमीटरला साधारण २१० ते २३० न्यूटन असते.

पण हा फक्त संकेत आहे. त्यापुढे धातू ताणाबरोबर आणखी कणखर होत जातो आणि तुटायला ५०० न्यूटनहून अधिक ताण लागतो. तोवर तो ४० टक्क्यांहून जास्त लांबलेला असतो. याच गुणामुळे एका सपाट पत्र्यातून खोल पातेले ओढता येते. पाइप बनवताना थंड अवस्थेत वळवलेले कोपरेही भिंतींपेक्षा मजबूत झालेले असतात.

जुन्या हिशेबात काय हुकते?

जुन्या पद्धतीत ताण त्या ०.२ टक्क्यांच्या मर्यादेवर थांबतो असे धरतात, पुढची ताकद सोडून देतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये लिरॉय गार्डनर आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली ‘कंटिन्युअस स्ट्रेंग्थ मेथड’ प्रश्नच बदलते. भिंतीला लाटा येण्याआधी हा छेद किती ताणला-दाबला जाऊ शकतो, हे ती आधी काढते आणि त्यानुसार वाढलेली ताकद हिशेबात धरते. आपल्या पाइपची क्षमता जुन्या पद्धतीने सुमारे १२.७ किलोन्यूटन-मीटर येते. नव्या पद्धतीने ढोबळमानाने ९ टक्के जास्त. भिंत जाड असेल तर फायदा वाढतो, पातळ असेल तर उरतही नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये स्टेनलेससाठी ‘एआयएससी ३७०’ ही स्वतंत्र संहिता आली, तिच्यात या पद्धतीला जागा आहे. आपली ‘आयएस ८००’ मात्र साध्या पोलादाचा विचार करून लिहिलेली आहे.

मग बारीक पाइप चालेल?

इथेच घाई नडते. ताकद वाढली म्हणून ताठपणा वाढत नाही. हाच पाइप ३ मीटरच्या गाळ्यावर टाकून मधोमध ८९० किलो भार दिला, म्हणजे बारा-तेरा माणसे एकाच जागी उभी केली, तर ताण मर्यादेच्या ६० टक्क्यांवरच असतो. पण मधला बाक १० मिलिमीटरवर पोहोचतो. गाळ्याचा तीनशेवा भाग ही नेहमी पाळली जाणारी मर्यादा इथेच संपते. शिवाय रेषा झुकती असल्याने स्टेनलेस या ताणाला थोडे मऊ झालेले असते, म्हणजे प्रत्यक्ष बाक किंचित जास्तच. लांब गाळ्यात म्हणूनच ते ९ टक्के कागदावर राहतात. आखूड गाळा आणि जड भार असेल तिथे ते खरोखर कामी येतात.

हे प्रत्यक्षात कुठे दिसते?

सिंगापूरच्या मरीना बे येथील हेलिक्स ब्रिज हा पादचारी पूल २०१० मध्ये खुला झाला. लांबी २८० मीटर. एकमेकांभोवती गुंफलेली त्याची दोन सर्पिले डुप्लेक्स स्टेनलेसच्या नळ्यांची आहेत. डुप्लेक्सची ताकद ३०४ च्या जवळपास दुप्पट, त्यामुळे महाग असूनही धातू कमी लागतो. ताठपणा मात्र तेवढाच, म्हणून तो नळ्यांच्या गुंफणीतून मिळवलेला आहे.

आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या घराला कठडा बसवताना फॅब्रिकेटर बहुधा फक्त पाइपचा व्यास सांगतो. भिंतीची जाडी आणि प्रत त्याच्याकडून लिहून घ्यावी. खाऱ्या हवेत ३०४ वर तपकिरी डाग पडतात, तिथे ३१६ बरे. स्वस्तात मिळणारे २०२ तर टाळावेच. लोहचुंबक लावून प्रत ओळखण्याची युक्ती भरवशाची नाही. थंड अवस्थेत वळवलेले ३०४ सुद्धा थोडे चिकटते आणि गंजाला उत्तम तोंड देणारे डुप्लेक्स तर चांगलेच चिकटते.