जहाजावरील वेळ

जहाजावरील वेळ किंवा जहाजवेळ म्हणजे एखाद्या जहाजावरील घड्याळे ज्या वेळेनुसार लावलेली असतात ती वेळ होय. ही वेळ कप्तानाच्या आदेशाने ठरते. जहाज ज्या बंदरात उभे असते तेथील प्रमाणवेळेशी ती जुळतेच असे नाही. मालवाहू जहाजांवर या फरकाचा संबंध मुख्यतः खलाशांच्या पाळ्या आणि बंदरातील कामकाज यांच्याशी येतो. क्रूझ जहाजांवरील हजारो प्रवासी मात्र सकाळी धक्क्यावर उतरून गावात फिरावयास जातात आणि ठरलेल्या वेळी त्यांना परतावे लागते. एका तासाच्या गफलतीमुळेही जहाज निघून जाऊ शकते.

पार्श्वभूमी

पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजेच १ अंश रेखांशामागे स्थानिक वेळेत ४ मिनिटांचा फरक पडतो. शिडाच्या जहाजांच्या काळात सूर्य माथ्यावर येण्याचा क्षण पाहून दररोज मध्यान्ह निश्चित केली जाई. अर्ध्या तासाची वाळूची घड्याळे उलटून आणि घंटा वाजवून पुढचा दिवस मोजला जाई. त्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाचा दिवस २४ तासांपेक्षा थोडा लहान आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याचा थोडा मोठा असे. हा फरक साठत जाऊन काय होते, हे मॅगेलनच्या मोहिमेतील ‘व्हिक्टोरिया’ या जहाजाने १५२२ साली अनुभवले. पश्चिमेकडे जात पृथ्वीप्रदक्षिणा करून हे जहाज केप व्हर्द बेटांवर पोहोचले, तेव्हा दैनंदिनी लिहिणाऱ्या पिगाफेट्टाच्या हिशेबाने त्या दिवशी बुधवार होता, तर किनाऱ्यावर गुरुवार. नोंदी ठेवण्यात त्याची चूक नव्हती. सूर्याच्या मागे मागे जाताना एक संपूर्ण दिवस हिशेबातून निसटला होता.

अठराव्या शतकात जॉन हॅरिसन याने समुद्रावरही अचूक चालणारे घड्याळ तयार केले आणि जहाजावर दोन वेळा नांदू लागल्या. रेखांश काढण्यासाठी मूळ ठिकाणची, पुढे सामान्यतः ग्रीनिचची, वेळ ठेवली जाई. रोजच्या व्यवहारासाठी सूर्यावरून ठरणारी जहाजाची वेळ असे. ही दुसरी वेळ दररोज काही मिनिटांनी बदलत असल्याने दोन जहाजांच्या नोंदी जुळवणे अवघड होते. ‘टायटॅनिक’ १९१२ साली बुडाल्यानंतर अमेरिकेतील व ब्रिटनमधील चौकशांनी त्या जहाजाची वेळ आणि न्यूयॉर्कची वेळ यांतील फरक वेगवेगळा धरला, आणि घटनाक्रमाविषयी त्यातून निर्माण झालेले वाद अद्याप मिटलेले नाहीत. १९१७ साली ब्रिटन व फ्रान्स यांच्या परिषदेने समुद्रासाठी प्रत्येकी १५ अंशांचे वेळपट्टे सुचवले. खुल्या समुद्रात या पट्ट्यांनुसार आणि एखाद्या देशाच्या सागरी हद्दीत त्या देशाच्या प्रमाणवेळेनुसार चालावे, अशी ही पद्धत आहे. क्रूझ जहाजाचा कप्तान मात्र प्रवाशांची सोय पाहून याहून वेगळी वेळही ठेवू शकतो.

प्रवासातील बदल

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्या वेळेत बहुतेक वर्षभर ५ तासांचा फरक असतो. सुमारे आठवडाभराच्या सागरप्रवासात तो एकेका तासाने भरून काढला जातो. पश्चिमेकडे जाताना मध्यरात्रीनंतर, बहुधा २ वाजता, घड्याळे एक तास मागे घेतात. प्रवाशांना २५ तासांचा दिवस मिळतो आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. पूर्वेकडे जाताना याच्या उलट होते. सलग काही रात्री एकेक तास झोप कमी झाल्यास प्रवासी थकतात. म्हणून ‘क्वीन मेरी २’ सारख्या जहाजावर पूर्वेकडील प्रवासात दुपारी १२ वाजता घड्याळे थेट १ वर नेण्याची पद्धत अवलंबली गेली आहे.

कर्मचाऱ्यांसाठी हा प्रश्न सोयीपुरता मर्यादित नसतो. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार विश्रांतीच्या तासांवरून हिशेब ठेवताना खलाशाला कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळणे आवश्यक आहे. घड्याळ पुढे केले तरी सकाळची न्याहारी ठरल्या वेळीच मांडावी लागते. कमी झालेला तास कोणाच्या विश्रांतीतून जाऊ द्यायचा नाही, याची आखणी अधिकाऱ्यांना करावी लागते. गोवा, मुंबई व कोकणातील अनेक जण अशा जहाजांच्या स्वयंपाकघरांत, भोजनकक्षांत आणि यंत्रविभागात काम करतात.

बंदरातील वेळ

एका आठवड्यात चार-पाच बंदरे करणाऱ्या जहाजाने प्रत्येक ठिकाणी घड्याळे बदलावीत की निघण्याच्या बंदराची वेळ शेवटपर्यंत ठेवावी, याबाबत एकच नियम नाही. काही जहाजे स्थानिक वेळ स्वीकारतात. काही जहाजे, विशेषतः कॅरिबियन समुद्रातील छोट्या सहलींवर, मूळ बंदराचीच वेळ ठेवतात. त्यामुळे भोजनाच्या, कार्यक्रमांच्या आणि पाळ्यांच्या वेळा स्थिर राहतात; हिशेब करण्याचे काम मात्र प्रवाशावर येऊन पडते.

मेक्सिकोतील कोझुमेल बेट हे याचे बोलके उदाहरण आहे. हे बेट ज्या किंताना रू राज्यात आहे, त्या राज्याने २०१५ साली यूटीसी−५ ही वेळ स्वीकारली आणि तेथे उन्हाळी वेळ पाळली जात नाही. अमेरिकेतील मायामी येथे हिवाळ्यात हीच वेळ असते, परंतु मार्च ते नोव्हेंबर या काळात तेथील घड्याळे एक तास पुढे असतात. टेक्सासमधील गॅल्व्हस्टन बंदराची वेळ उन्हाळ्यात कोझुमेलइतकीच आणि हिवाळ्यात एक तास मागे असते. दोन्ही बंदरांतून आलेल्या जहाजांनी आपापली मूळ वेळ कायम ठेवली, तर कोझुमेलच्या शेजारशेजारच्या धक्क्यांवर ती उभी असताना त्यांच्या घड्याळांत वर्षभर एका तासाचा फरक राहतो.

या दोन जहाजांवरील प्रवाशांची चूक सारख्याच किमतीची नसते. उन्हाळ्यात मायामीहून आलेले जहाज सायंकाळी ५ वाजता सुटणार असून सर्वांनी ४:३० पर्यंत परतावे, असा आदेश आहे असे समजू. त्या वेळी बेटावर ३:३० वाजलेले असतात. स्थानिक वेळ दाखवणाऱ्या मोबाइलवर विसंबून प्रवासी ४:३० वाजता आला, तर जहाजावर ५:३० झालेले असतात आणि धक्का रिकामा असतो. हिवाळ्यात गॅल्व्हस्टनच्या जहाजावरील प्रवाशाने हीच चूक केली, तर तो केवळ एक तास लवकर पोहोचतो. जहाजाचे घड्याळ बेटाच्या पुढे असेल तेव्हाच धोका असतो. मागे असेल तेव्हा फार तर किनाऱ्यावरचा एक तास वाया जातो. कोझुमेलहून फेरीबोटीने मुख्य भूमीवर जाऊन तुलुमचे माया अवशेष पाहणाऱ्यांना अधिक सावध राहावे लागते, कारण फेरीबोट बेटाच्या वेळेने सुटते आणि जहाज स्वतःच्या.

मोबाइल फोन जवळच्या जाळ्यावरून वेळ आपोआप घेतो, त्यामुळे हा गोंधळ वाढला आहे. आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करणे किंवा जहाजवेळेनुसार लावलेले साधे मनगटी घड्याळ वापरणे, हे त्यावरील खात्रीचे उपाय होत. परतण्याची वेळ गँगवेपाशी फलकावर लावलेली असते आणि ती सुटण्याच्या वेळेपूर्वी सामान्यतः अर्धा ते एक तास असते. जहाज कंपनीने स्वतः आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाल्यास जहाज बहुधा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबेलच असे नाही. पायलट, टग आणि धक्का यांच्या वेळा आधीच ठरलेल्या असतात, आणि कप्तानाला पुढचे बंदरही गाठायचे असते. मागे राहिलेल्या प्रवाशाचा पासपोर्ट खोलीत सापडल्यास तो बंदरातील प्रतिनिधीकडे सोपवला जातो. पुढील बंदरापर्यंतचा प्रवास त्याने स्वखर्चाने करायचा असतो.

हिंदी महासागर

भारतीय प्रमाणवेळ यूटीसी+५:३० असल्याने भारताच्या किनाऱ्यावर अर्ध्या तासाचा हिशेब येतो. मुंबई, गोवा, कोची आणि लक्षद्वीप या मार्गावर घड्याळे बदलावी लागत नाहीत. श्रीलंकेची वेळही सध्या भारताइतकीच आहे. दुबई किंवा मस्कतहून मुंबईस येताना मात्र घड्याळे दीड तास पुढे करावी लागतात, तर कोचीहून मालदीवला जाताना अर्धा तास मागे. मुंबईत १८२६ साली स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेच्या मूळ उद्देशांत जहाजांसाठी अचूक वेळ ठेवणे हाही एक होता. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाल्यावरही शहरात तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ १९५५ पर्यंत प्रचलित होती, म्हणजे येथे उतरणाऱ्यास एकाच शहरात दोन वेळा भेटत.

वाररेषा

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तासाऐवजी वार बदलतो. पूर्वेकडे जाताना एक तारीख दोनदा येते आणि पश्चिमेकडे जाताना एक तारीख गळते. सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवस वगळून वाररेषेची बाजू बदलली. २०२१ पासून तेथे उन्हाळी वेळ पाळली जात नसल्याने सामोआतील आपिया आणि अमेरिकन सामोआतील पागो पागो या बंदरांच्या वेळेत नेमका २४ तासांचा फरक आहे. दोन्हीकडची घड्याळे एकच वेळ दाखवतात. आपियाहून रविवारी सायंकाळी निघालेले जहाज रात्रभर प्रवास करून पागो पागोस पोहोचते, तेव्हा तेथे पुन्हा रविवारचीच सकाळ असते.