दात सरळ करायचा धंदा आणि ॲडव्हान्सचं गणित

परवाच्या व्हिडिओत अमेरिकेतल्या स्माइल डायरेक्ट क्लब या कंपनीची गोष्ट सांगितली, पण पैशाचं गणित मांडायला वेळ पुरला नाही. खरं तर तोच भाग कामाचा, म्हणून आज तो सविस्तर लिहितोय. तुम्ही डेंटिस्ट असाल तर हे थेट तुमच्या खुर्चीपाशी येतं. क्लासेस, जिम, मॉड्युलर किचन, लग्नाची फोटोग्राफी असं काही करत असाल, म्हणजे आधी पैसे घेऊन नंतर महिनोन्‌महिने काम देत असाल, तरी वाचा.

आधी या धंद्यात काय बदललं ते बघू. पूर्वी दात वाकडे असले की तार लावायची. तार लावली की दर महिन्याला क्लिनिकला जायचं, डॉक्टर तार घट्ट करणार किंवा बदलणार, आणि बऱ्याच ठिकाणी फीसुद्धा त्याच भेटीत थोडी थोडी द्यायची. काम आणि पैसा जोडीने चालायचे.

मग अलायनर आले. पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे. अमेरिकेत १९९७ मध्ये अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी सुरू झाली, तिचं इनव्हिजलाइन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तोंडाचं स्कॅन घ्यायचं, कॉम्प्युटरवर दात थोडे थोडे सरकवत न्यायचे, प्रत्येक टप्प्याचा साचा थ्री-डी प्रिंटरवर काढायचा आणि त्यावर प्लास्टिकची शीट तापवून बसवायची. एक ट्रे साधारण पाव मिलिमीटर दात सरकवतो. दिवसाचे वीस-बावीस तास घालायचा, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा. २०१७ पासून अलाइनची महत्त्वाची पेटंट संपायला लागली आणि बाजार सगळ्यांना खुला झाला. आपल्याकडेही भारतीय लॅब आता अलायनर बनवतात. 'इल्युजन अलायनर्स' विकणारी मुंबईची लक्ष्मी डेंटल तर जानेवारी २०२५ मध्ये शेअर बाजारात उतरली.

आता स्माइल डायरेक्ट क्लब. २०१४ मध्ये सुरू झालेल्या, टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात मुख्यालय असलेल्या या कंपनीचा विचार साधा होता: मधला डॉक्टरचा दवाखाना काढून टाकायचा. गिऱ्हाईक घरबसल्या दाताचं माप घेणार किंवा दुकानात स्कॅन करणार, डेंटिस्ट लांबून कॉम्प्युटरवर योजना मंजूर करणार, ट्रे कुरिअरने घरी येणार. खर्च सुमारे दोन हजार डॉलर, म्हणजे तिथल्या क्लिनिकपेक्षा कितीतरी कमी. लोक तुटून पडले, आणि त्यात नवल नाही. ज्यांना क्लिनिक परवडत नव्हतं त्यांना पहिल्यांदा दार उघडलं होतं. ही गोष्ट ऑर्थोडॉन्टिस्ट मंडळी सहसा कबूल करत नाहीत.

सप्टेंबर २०१९ मध्ये शेअर २३ डॉलरला बाजारात आला, कंपनीची किंमत सुमारे ८.९ अब्ज डॉलर धरली गेली. पहिल्याच दिवशी भाव १७ डॉलरच्या खाली बंद झाला. जाहिरात आणि विक्रीवर उत्पन्नाचा मोठा भाग जात होता, वर्षअखेरीला नफा कधी दिसलाच नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सने अनेक राज्यांच्या डेंटल बोर्डांकडे तक्रारी केल्या. रिफंड देताना गिऱ्हाइकाकडून तोंड बंद ठेवायच्या कागदावर सही घ्यायची, यावरून वॉशिंग्टन डीसीच्या सरकारी वकिलांनी खटला भरला आणि २०२३ मध्ये कंपनीला ती अट सोडावी लागली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला दिवाळखोरीचा अर्ज. डोक्यावर सुमारे ९० कोटी डॉलर कर्ज. ८ डिसेंबर २०२३ ला कायमचं शटर.

शटर पडलं तेव्हा कित्येकांचे ट्रे अर्ध्यात होते. कंपनीने सांगितलं की उपचार संपले, आता तुमच्या गावच्या डेंटिस्टला भेटा. 'आयुष्यभराची हमी' होती तीही संपली. आणि हप्त्यावर घेतलेल्यांनी मात्र हप्ते भरत राहायचे! हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं.

इथे दाताचं शास्त्र थोडं समजून घ्यायला लागेल, नाहीतर नुकसान किती मोठं ते कळत नाही. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचा पातळ थर असतो. दाताला एका बाजूला ढकललं की त्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं हाड भरतं. भरायला वेळ लागतो. तोवर दात सैलसर असतो आणि जुन्या जागी पळायला बघतो, म्हणूनच उपचार संपल्यावरही रिटेनर घालावा लागतो. घराचं बांधकाम अर्ध्यात थांबलं तर भिंती जिथल्या तिथे उभ्या राहतात. दात राहत नाहीत. त्यात हिरडी आधीच कमकुवत असेल आणि कुणी एक्स-रे न बघता दात ढकलत राहिलं, तर दातच हलायला लागू शकतो.

म्हणजे पेशंटने विकत काय घेतलं होतं? प्लास्टिक नाही. पुढचे अनेक महिने कुणीतरी तोंडात बघणार आणि चुकलं तर दुरुस्त करणार, हे विकत घेतलं होतं. प्लास्टिक पहिल्या महिन्यात देऊन होतं. बाकीचं सगळं देणं असतं.

आता आपल्याकडचं गणित मांडू. आकडे माझ्या मनाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा अलायनरचं पॅकेज ₹९०,०००, उपचार १८ महिने. लॅबला सुरुवातीलाच ₹४०,००० द्यावे लागतात, म्हणून डॉक्टर पूर्ण रक्कम आधी घेतात, किंवा फायनान्स कंपनी एकदम देऊन टाकते. खात्यात उरले ₹५०,०००. बरेच जण याला कमाई समजतात.

पण १८ महिन्यांत समजा १२ भेटी होणार. जागेचं भाडं, असिस्टंटचा पगार, वीज, साहित्य धरून एका भेटीचा खर्च ₹१,५०० धरा, झाले ₹१८,०००. शेवटी दोन्ही जबड्यांचे रिटेनर, ₹४,०००. आणि मध्येच एखादा दात ठरल्याप्रमाणे सरकला नाही की पुन्हा स्कॅन करून नवे ट्रे मागवावे लागतात, ज्याला रिफाइनमेंट म्हणतात. त्याचे ₹८,००० धरा. एकूण ₹३०,०००. म्हणजे हातात आलेल्या पन्नासातले तीस अजून खर्च व्हायचेत. तुमचे वीसच, आणि तेही दीड वर्षात मिळून.

असे ३० पेशंट चालू आहेत आणि सरासरी निम्म्यात आलेत असं धरलं, तर साडेचार लाखांचं काम तुम्ही देणं लागता. हे देणं बँकेच्या पासबुकात दिसत नाही. दिसतो तो शिल्लक आकडा, आणि तो बघून नवा स्कॅनर बुक होतो. मग जुन्या पेशंटचे रिटेनर नव्या पेशंटच्या ॲडव्हान्समधून निघतात. नवे पेशंट येताहेत तोवर कुणाला कळत नाही. दिवाळीनंतर दोन महिने ओपीडी थंड झाली की कळतं.

यावर उपाय फार मोठा नाही. दुसरं खातं उघडा. पैसे आले त्याच दिवशी त्या पेशंटच्या नावाचे तीस हजार तिकडे टाका, आणि जशी भेट होईल तसे तिथून काढा. तुमच्या सीएला सांगितलंत तर तो हिशोबातही ते वेगळं दाखवेल. शक्य असेल तर फी टप्प्यात घ्या: लॅबचा खर्च निघेल एवढी सुरुवातीला, बाकी भेटींबरोबर, आणि थोडी रक्कम रिटेनर देताना. पेशंट शेवटच्या भेटीला येण्याचं प्रमाणही त्याने वाढतं, असा माझा इतर धंद्यांतला अनुभव आहे.

लॅबशी बोलताना भावाच्या आधी अटी विचारा. रिफाइनमेंट किती वेळा आणि किती वर्षं धरलंय? उद्या लॅब बंद पडली तर पेशंटच्या स्कॅनची फाइल तुमच्याकडे असेल ना? फाइल हातात असली तर दुसऱ्या लॅबकडून पुढचे ट्रे करून घेता येतात. काही क्लिनिक आता स्वतःच प्रिंटर घेऊन ट्रे बनवतात. लॅबचं बिल वाचतं खरं, पण मशीनवर बसणारा माणूस आणि फुकट गेलेले ट्रे यांचाही हिशोब धरा.

एक गैरसमज दूर करतो. लांबून तपासणं वाईट, असं मी म्हणत नाही. फ्रान्सच्या डेंटल मॉनिटरिंग कंपनीचं सॉफ्टवेअर पेशंटने मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून ट्रे नीट बसतोय का ते डॉक्टरला कळवतं. साताऱ्याच्या पेशंटला पुण्याची एक खेप वाचत असेल तर उत्तमच. फक्त आधी तोंड प्रत्यक्ष तपासलेलं असावं, एक्स-रे झालेला असावा, आणि बिघडलं तर जाऊन बसायला खुर्ची असावी.

आणि तुम्ही पेशंट किंवा पालक म्हणून हे वाचत असाल तर पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. माझी केस बघणारे डॉक्टर एमडीएस ऑर्थोडॉन्टिस्ट आहेत का, आणि त्यांचं नाव काय? रिफाइनमेंट आणि रिटेनर पॅकेजमध्ये आहेत की वेगळे? मध्येच गाव बदललं तर किती पैसे परत मिळतील, लेखी द्याल का? ईएमआय असेल तर कर्ज कोणत्या कंपनीचं आहे? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. करार तुमचा आणि फायनान्स कंपनीचा असतो, क्लिनिकला कुलूप लागलं म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही.

पुढच्या व्हिडिओत हेच दुसऱ्या खात्याचं गणित क्लासेसवाल्यांसाठी, वार्षिक फी धरून, फळ्यावर मांडून दाखवतो.