गर्दीतून सुखरूप कसे बाहेर पडाल?

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी जमतात. सोबत लेकरे असतात, म्हातारी माणसे असतात. म्हणून गर्दीचे शास्त्र घराघरात माहीत असायला हवे.

माणसांना जीवाची भीती घालून प्रयोग करता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञ प्राण्यांचे निरीक्षण करतात. क्युबातील संशोधकांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुंग्यांना समोरासमोर दोन सारखी दारे असलेल्या गोल जागेत ठेवले. एरवी मुंग्या दोन्ही दारांनी सारख्याच बाहेर पडत. मधोमध कीटक पळवणारे औषध टाकताच मात्र एका दारावर जास्त गर्दी झाली. घाबरलेला जीव इतरांच्या मागे धावतो आणि मोकळे दार विसरतो.

स्पेनमध्ये मेंढ्यांचा कळप अरुंद दारातून जाताना पाहिला, तर मागून रेटा आला की पुढच्या मेंढ्या दारातच अडकत. माणसांचेही तसेच होते. फरक इतकाच की आपली छाती दबते. चेंगराचेंगरीत बरेच मृत्यू तुडवल्याने नव्हे, तर श्वास कोंडून होतात. माणूस उभ्या उभ्याही गुदमरतो. 29 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर 23 जणांचा जीव गेला.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

1. पोहोचताच बाहेर पडण्याच्या दोन वाटा पाहून ठेवा. आलो त्याच वाटेने परतायचा हट्ट नको.
2. चारी बाजूंनी अंगाला अंग लागू लागले, की तेव्हाच कडेला निघा.
3. रेटा आला तर दोन्ही हात छातीसमोर घ्या, श्वासापुरती जागा राखा. उलट ढकलू नका. लोंढ्याबरोबर तिरके सरकत बाहेर या.
4. चप्पल, मोबाईल पडला तरी वाकू नका.
5. लहान मुलाला उचलून घ्या. त्याच्या खिशात नाव व फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.
6. पडलात आणि उठता येईना, तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, डोके हातांनी झाका.

आपल्या विहारातही कार्यक्रमाच्या वेळी दुसरे दार कुलूपबंद नसावे, त्याच्यापुढे खुर्च्या रचू नयेत. वस्तीतील गल्ली आग लागल्यास हीच सुटकेची वाट असते. तिथे गाड्या, पिंपे ठेवू नका.

चेंगराचेंगरी नशिबाने होत नाही. तिला कारण असते, आणि कारण दूर केले की दुःख टळते, ही तथागतांची शिकवण इथेही लागू पडते. येत्या रविवारी विहारात मुलांना या सहा गोष्टी करून दाखवा.