वाळूची टाकी कधी धुवायची? घरच्या स्विमिंग पूलचा सँड फिल्टर

आज आपण एका साध्या वस्तूबद्दल बोलणार आहोत. घरच्या स्विमिंग पूलच्या मागे, पंपाच्या खोलीत, एक गोल टाकी उभी असते. तिच्यात वाळू भरलेली असते. तोच सँड फिल्टर.

नाशिकच्या द्वारका भागात बसून स्विमिंग पूलबद्दल काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. इथे पुणे रस्ता आणि मुंबई-आग्रा महामार्ग एकमेकांना भेटतात. पूल म्हटलं की आपल्याला आधी उड्डाणपूलच आठवतो. पण गंगापूर रोड, त्र्यंबक रोडकडच्या बंगल्यांत आणि फार्महाउसवर पोहायचे तलाव आहेत, आणि त्यांची देखभाल करणारी माणसं शहरभर राहतात. शिवाय ज्यांच्याकडे द्राक्षबाग आहे, त्यांना ही टाकी नवी नाही. शेततळ्याचं पाणी ठिबकला सोडण्याआधी ज्या सँड फिल्टरमधून जातं, त्याचंच हे भावंड. तत्त्व एकच आहे.

आमचं सांगणं थोडक्यात असं, की ही टाकी काटा बघून धुवायची असते, वार बघून नाही. बऱ्याच ठिकाणी नियम असतो, ‘दर रविवारी बॅकवॉश’. काटा काहीही सांगत असो, रविवार आला की टाकी धुतली जाते. यात पाणी तर वाया जातंच, पण तलावाचं पाणी जास्त स्वच्छ होण्याऐवजी थोडं गढूळच राहतं. असं का होतं ते आता पाहू.

वाळू घाण पकडते कशी?

पंप तलावातलं पाणी ओढतो. पानं, केस, किडे असला मोठा कचरा पंपाच्या जाळीत अडकतो. पुढे पाणी टाकीत वरून शिरतं, वाळूच्या थरातून खाली उतरतं, तळाशी असलेल्या बारीक फटींच्या नळ्यांतून बाहेर पडतं आणि परत तलावात जातं. या तळच्या नळ्यांना लॅटरल म्हणतात.

फिल्टरची वाळू साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. दोन दाण्यांमधली फट याहून बरीच लहान, पण तरी धुळीच्या बारीक कणापेक्षा मोठीच. मग तो कण निसटून का जात नाही? कारण त्याला सरळ रस्ता मिळत नाही. वळणावळणाने जाताना तो कुठेतरी दाण्याला चिकटतो. त्याच्यामागून आलेला दुसरा कण त्याला अडकतो. फट अरुंद होते. म्हणजे पकडलेली घाणच पुढची घाण पकडायला मदत करते. नुकत्याच धुतलेल्या टाकीपेक्षा काही दिवस चाललेली टाकी जास्त बारीक कण अडवते. चांगला चाललेला सँड फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण पकडतो. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा.

वाळूचं हे सामर्थ्य जगाला फार मोठी किंमत मोजून कळलं. १८९२ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याची साथ आली आणि आठ हजारांहून जास्त माणसं दगावली. त्याला लागूनच अल्टोना नावाचं गाव होतं. दोघांचं पाणी एकाच एल्बे नदीचं, उलट अल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण वाहून येणाऱ्या बाजूला. तरी अल्टोना बरंचसं वाचलं, कारण तिथे पाणी वाळूतून गाळून दिलं जात होतं. ते फिल्टर संथ होते. त्यांच्या वाळूवर जमणारा जिवंत थर जंतू अडवायचा. आपली टाकी जलद आहे, तिच्यात तसा थर तयार होत नाही. म्हणून आपल्याकडे जंतू मारायचं काम क्लोरीनचं आणि गढूळपणा काढायचं काम वाळूचं. एकाचं काम दुसऱ्यावर टाकायचं नाही.

काटा कसा वाचायचा?

टाकीच्या डोक्यावर प्रेशर गेज असतो. टाकी धुऊन झाली, पंप सुरू केला, की काटा कुठे आहे ते लिहून ठेवा. समजा तो ०.८ किलोवर आहे. ही तुमच्या टाकीची स्वच्छ खूण. शेजाऱ्याच्या टाकीची वेगळी असेल. पंप आणि पाइप बदलले की आकडा बदलतो. आता घाण साठत जाईल तसा काटा वर सरकेल. तो स्वच्छ खुणेच्या वर ०.६ ते ०.७ किलो गेला, म्हणजे आपल्या उदाहरणात १.४ ते १.५ झाला, की बॅकवॉश करा. गेजवर पीएसआयचे आकडे असतील तर ८ ते १० पीएसआयची वाढ. ठिबकवाले शेतकरी फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन गेज बघून त्यांतला फरक धरतात. तेच हे.

काटा खाली गेला तर? तर वाळूचा दोष नाही. पंपाची जाळी भरली आहे, तलावातलं पाणी स्किमरच्या खाली गेलं आहे, किंवा पंप कुठून तरी हवा ओढतो आहे. अशा वेळी बॅकवॉश केला तर नुसतं पाणी जाईल. आणि काटा महिनाभर जागचा हललाच नाही, तर आनंद मानू नका. पंप बंद केल्यावर तो शून्यावर येतो का बघा. येत नसेल तर गेज बिघडला आहे. दोनशे-तीनशे रुपयांच्या वस्तूच्या भरवशावर आपण हजारो लिटर पाण्याचा निर्णय घेत असतो, ती नीट चालणारी हवी.

गेज ठीक आहे, तरीही काटा हलत नाही आणि पाणी गढूळच, असं असेल तर वाळूत वाट पडली असण्याची शक्यता असते. द्वारका चौकात एक गल्ली मोकळी दिसली की सगळ्या रिक्षा तिथूनच घुसतात ना, पाणीही तसंच. वाळूत घट्ट गोळे झाले की पाणी त्यांना टाळून एकाच सोप्या वाटेने खाली पळतं आणि न गाळता बाहेर पडतं. मग टाकी उघडून वाळू बघावी लागते.

बॅकवॉश करताना

हा भाग नीट ऐका, यात धोका आहे. मल्टीपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद करायचा. दर वेळी. चालू पंपावर दांडा फिरवला तर आतलं रबर फाटतं, आणि दाबाखालची टाकी किंवा झाकण फुटून माणूस गंभीर जखमी होऊ शकतो. टाकी उघडायची असेल तर पंप बंद करून आतली हवा आणि दाब सोडल्याशिवाय क्लॅम्पला हात लावू नये. पंपाच्या खोलीत हे मोठ्या अक्षरांत लिहून लावा, कारण काम करणारा मुलगा उद्या बदलतो.

क्रम असा: पंप बंद. दांडा ‘बॅकवॉश’वर. पंप सुरू. आता पाणी उलटं, खालून वर जातं, वाळू उचलली जाते आणि घाण बाहेरच्या पाइपने निघते. व्हॉल्व्हजवळच्या छोट्या काचेत पाणी आधी मळकट दिसेल, मग निवळेल. दोन ते तीन मिनिटं पुरतात. पंप बंद. दांडा ‘रिन्स’वर. अर्धा ते एक मिनिट. पंप बंद. दांडा ‘फिल्टर’वर. रिन्स गाळला की राहिलेली घाण पहिल्याच झटक्यात तलावात येते, आणि मग लोक म्हणतात, ‘धुतल्यावर तर जास्तच गढूळ झालं.’

आता हिशोब करू. ६०० मिलिमीटर व्यासाची टाकी नीट धुवायला मिनिटाला साधारण १८० लिटर पाणी लागतं. तीन मिनिटं बॅकवॉश आणि वर रिन्स, म्हणजे एका वेळी सुमारे ६५० लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असा शासकीय निकष आहे. म्हणजे एका बॅकवॉशमध्ये पाच माणसांच्या घराचं दिवसभराचं पाणी गेलं. दर आठवड्याला धुतलं तर वर्षाला ३३ हजार लिटरच्या वर. काटा बघून समजा तीन आठवड्यांनी धुवायची पाळी आली, तर ११ हजार. वाचलेलं पाणी दहा हजार लिटरच्या दोन टँकरांपेक्षा जास्त. एप्रिल-मेमध्ये गंगापूर धरणाची पातळी उतरायला लागली, पाणीकपातीची चर्चा सुरू झाली, की या दोन टँकरांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

निघालेलं पाणी नाल्यात सोडू नका. त्यात क्लोरीन असतं. उघड्या टाकीत दोन-तीन दिवस उन्हात राहू द्या, गाळ खाली बसू द्या, मग वरचं पाणी मोठ्या झाडांना चालतं. तलाव मिठाच्या पद्धतीचा असेल तर मात्र झाडांना अजिबात नको. पावसाळ्यात तलाव आपोआप भरतो, तेव्हा जास्तीचं पाणी काढायचंच असतं. ते बॅकवॉशच्या वाटेने काढलं तर एका कामात दोन कामं होतात.

वाळू कशाने खराब होते?

पहिलं कारण टीसीएल. ग्रामपंचायतीत विहिरीत टाकतात तीच ब्लीचिंग पावडर. तिच्यात चुना असतो, तो विरघळत नाही. पावडर थेट तलावात किंवा स्किमरमध्ये टाकली की चुना वाळूवर बसतो आणि दाणे दगडासारखे जुळतात. बोअरचं पाणी जड असेल तर आणखी लवकर. म्हणून पावडर बादलीत कालवा, बसू द्या आणि फक्त वरची निवळी तलावात ओता. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही करू नका, स्फोट होऊ शकतो.

दुसरं कारण तेल. डोक्याला खोबरेल चोपडून मुलं पाण्यात उतरली की ते तेल वाळूवर जाऊन बसतं आणि नुसत्या पाण्याने धुतलं जात नाही. उतरण्याआधी साबणाने आंघोळ, हा नियम वाळूसाठीही आहे.

तिसरं कारण तुरटी. आपल्या घरांत गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची जुनी रीत आहे आणि ती योग्यच आहे. पण तलावात भरपूर तुरटी टाकून पंप चालू ठेवला तर तो सगळा साका वाळूत जाऊन टाकी गच्च होते. तुरटी टाकायची तर पंप बंद ठेवून रात्रभर साका तळाला बसू द्यावा आणि सकाळी व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवून तो ओढून बाहेर काढावा, फिल्टरमधून नाही.

वाळू साधारण पाच ते सात वर्षांनी बदलतात. तेव्हा बांधकामावरची क्रश सँड किंवा नदीची वाळू भरायचा मोह होतो, कारण ती स्वस्त आणि हाताशी असते. ती नको. तिच्यात भुकटीपासून खड्यापर्यंत सगळं असतं. ०.४५ ते ०.५५ मिलिमीटरची धुतलेली सिलिका वाळूच घ्या. आधी टाकी निम्मी पाण्याने भरा, मधल्या पाइपचं तोंड बांधा, मग वाळू हळूहळू सोडा. म्हणजे तळच्या लॅटरलवर आपटून ते मोडणार नाहीत. पुढे कधी तलावाच्या तळाशी वाळू दिसायला लागली तर समजा, लॅटरल मोडला आहे. आणि ‘फिल्टर’वर असतानाही बाहेरच्या पाइपमधून पाणी ठिबकत असेल, तर व्हॉल्व्हमधलं स्पायडर गॅस्केट गेलं आहे. तलावाची पातळी रोज का उतरते, याचं उत्तर पुष्कळदा तिथे सापडतं.

पंप किती तास चालवायचा?

हा प्रश्न नेहमी येतो. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४० हजार लिटर पाणी मावतं. पंप तासाला १० हजार लिटर फिरवत असेल तर चार तासांत एक फेरी. पण एका फेरीत सगळं पाणी गाळलं जात नाही, कारण गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. एका फेरीत सुमारे ६३ टक्के, दोन फेऱ्यांत ८६ टक्के, तीन फेऱ्यांत ९५ टक्के. म्हणून अशा तलावाला दिवसाला आठ तास द्यावेत.

शेवटी, हे सगळं कशासाठी? पाणी निळंशार दिसावं म्हणून नाही. तलावाच्या सगळ्यात खोल जागेचा तळ काठावरून स्पष्ट दिसला पाहिजे. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं मूल काठावरच्या माणसाला दिसत नाही. ज्या दिवशी तळ दिसत नाही, त्या दिवशी कुणालाही उतरू द्यायचं नाही, पाहुणे कितीही लांबून आलेले असोत. आणि ज्या मुलाला जुलाब होत आहेत त्यालाही नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा जंतू या वाळूतून निसटतो आणि क्लोरीनमध्ये काही दिवस तग धरतो. त्याची लागण झाली असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबावं.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. पंपाच्या खोलीत दोरीला एक वही आणि पेन अडकवा. तारीख, काट्याचा आकडा, धुतलं की नाही, असे तीन रकाने आखा आणि रोज एक ओळ लिहा. दोन महिन्यांत तुमची टाकी कधी धुवायची ते ती वहीच तुम्हाला सांगेल.