न छापलेल्या खेळाची वर्गणी



वर्गणी गोळा करण्यात माझी तीस वर्षे गेली. त्यामुळे आमच्या एका सभासदाचा मुलगा पुठ्ठ्याचा पट घेऊन घाटकोपरच्या युनियन ऑफिसात आला आणि म्हणाला, "काका, हा खेळ मी रचलाय, छापायला वर्गणी हवी," तेव्हा मला वाटले, हा विषय तर आपल्या घरचाच. तसे नव्हते, हे पुढे कळले.

मुळात इतका पैसा लागतो कशाला? उमेदीच्या काळात मी अंधेरीच्या एका छापखान्यात होतो. प्लेटा करणे, पत्ते कापण्याची डाय बनवणे, मशीन लावणे, हा खर्च एक प्रत काढा की हजार काढा, तेवढाच येतो. सोंगट्यांचा साचा त्याहून महाग. म्हणजे एकच प्रत काढणे कोणाला परवडत नाही, आणि हजार काढायला रचणाऱ्याच्या खिशात पैसे नसतात. सावकाराकडे गेला तर व्याज, मोठ्या कंपनीकडे गेला तर बहुधा खेळावरचा हक्क जातो. तेव्हा जे हजार लोक खेळ घेणार, त्यांच्याकडूनच पैसे आधी घ्यायचे, ही तिसरी वाट.

ही वाट आपल्याकडे जुनीच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला. लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. चौसष्ट माणसांपुढे हात पसरावा तेव्हा एक रुपया! ज्याने पावतीपुस्तक घेऊन चाळीचे जिने चढले आहेत, त्यालाच या आकड्याचे वजन कळेल. पुढे १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले, त्यातून श्याम बेनेगल यांचा 'मंथन' चित्रपट झाला.

आता जिने चढावे लागत नाहीत. २००९ साली अमेरिकेत 'किकस्टार्टर' नावाची कंपनी निघाली. तिच्या संकेतस्थळावर रचणारा आपला खेळ, लागणारी रक्कम आणि मुदत मांडतो. मुदतीत रक्कम भरली नाही तर कोणाचाही पैसा घेतला जात नाही. भरली तर कंपनी शेकडा पाच कापून घेते, शिवाय पैसे वळते करण्याचा आकार वेगळा. मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबचा, झैन मेमन यांनी रचलेला 'शासन' हा खेळ २०१९ साली याच मार्गाने उभा राहिला. त्यात खेळणारे पुढारी होतात. प्रश्नाला जसे उत्तर द्याल तसा पैसा, दबदबा, प्रसिद्धी किंवा लोकांचा विश्वास पदरात पडतो आणि त्यावर मतदार मिळवायचे. मी विश्वास जमवीत बसलो आणि हरलो.

पण या पैशाला म्हणावे काय? युनियनची वर्गणी भरली की सभासदाला मत मिळते, हिशेब मागता येतो. शेअर घेतला की नफ्यात वाटा. दुकानात पैसे मोजले की माल हातात. येथे हातात पडते ते केवळ वचन. प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी २०१५ साली किकस्टार्टरची पाहणी केली, तेव्हा शंभरांत नऊ प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नव्हती. उशीर तर नेहमीचाच. २०२१ साली आशियातून जाणाऱ्या कंटेनरचे भाडे कित्येक पटींनी चढले आणि जड पेट्या जुन्या दरात घरपोच करण्याचे कबूल करून बसलेले लोक कात्रीत सापडले. मी एका खेळाचे पैसे भरले होते. तो सव्वा वर्षाने आला, त्यातही एक सोंगटी कमी.

जाता जाता सांगतो, किकस्टार्टरच्या नोकरांनीही २०२० च्या फेब्रुवारीत युनियन केली. मतदान ४६ विरुद्ध ३७. ऐकून बरे वाटले.

आमच्या कमिटीतील काहींचे म्हणणे पडले, की पोराला युनियनच्या निधीतून वीस हजार द्यावेत. मी विरोध केला. तो पैसा कोर्टाच्या तारखांसाठी आणि संपाच्या दिवसांसाठी जमलेला. वचनावर लावायला तो माझा नव्हता. मुलाचा बाप महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मी मुलाला पदरचे पाचशे देऊ केले आणि सांगितले, छापखान्याचा लेखी दर आण, पेटी वजन करून टपालखर्च धर, मग तीनशे नावे वहीत लिही. तीनशे भरेपर्यंत पैसा घेऊ नकोस, माझाही नको.

मुदतीत एकशे ऐंशी नावे झाली. त्याने कोणाचा पैसा घेतला नाही. सध्या तो मरोळच्या एका दुकानातून पन्नास प्रतींपुरते कागद छापून आणतो, आणि रविवारी आम्ही तिघे, तो, त्याचा बाप आणि मी, युनियन ऑफिसात बसून कात्रीने पत्ते कापतो.