इस्पितळातील वाचोपचार विभाग
मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियागृहाचा दबदबा असतो. ज्याला सर्वजण ‘स्पीच थेरपी’ म्हणतात तो वाचोपचार विभाग मात्र बहुधा कान-नाक-घशाच्या खात्याच्या आश्रयाने एखाद्या लहानशा खोलीत नांदत असतो, आणि तोतऱ्या मुलांना बोलते करणे एवढेच त्याचे काम, असा पुष्कळ सुशिक्षितांचाही समज असतो. वस्तुतः पक्षाघात, डोक्याचा मार, कंपवात किंवा घशाचा कर्करोग यांनी गांजलेले प्रौढही त्याच्या दप्तरी नोंदलेले असतात, आणि त्यांच्या बाबतीत पहिली चौकशी होते ती गिळण्याची.

ज्या ओठांनी, जिभेने, टाळूने व स्वरयंत्राने मनुष्य बोलतो त्यांच्याच साह्याने तो घास उतरवतो. म्हणून हे कामही वाचोपचारकाकडे आले. रुग्णाला ताठ बसवून, त्याच्या हनुवटीखाली व कंठमण्यावर चार बोटे हलकेच टेकवून, उपचारक त्याला चमचाभर पाणी देतो, कंठमणी वेळेवर वर उचलला जातो की रेंगाळतो हे बोटांनी जोखतो, आणि लगेच ‘आ’ म्हणावयास लावतो. स्वर ओलसर, घरघरता उमटला की पाणी भलत्या वाटेने गेल्याचा संशय येतो. ठसका लागला नाही म्हणजे सारे आलबेल, असेही नाही, कारण कित्येकांच्या श्वासनलिकेत अन्न बिनबोभाट उतरते व पुढे न्यूमोनिया उद्भवतो. संशय फिटेनासा झाला तर बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांखाली त्याचा मार्ग पाहतात, आणि मग पाणी दाट करून, वरणभात घोटून देण्याची तजवीज होते. ‘घोटभर चहाने काय होतंय!’ म्हणत कप पुढे करणारे आप्त हे या विभागाचे जुने दुखणे होय.

वाचेचे प्रकरण अधिक गहन. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने, ‘टॅन’ या एका अक्षराखेरीज जवळजवळ काहीच न बोलणाऱ्या रुग्णाच्या मेंदूचे शवविच्छेदन करून डाव्या गोलार्धाच्या पुढील भागातील विकृती दाखविली. 1874 साली कार्ल वेर्निके यांनी भरभर परंतु अर्थहीन बोलणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. वाचाघाताचा, म्हणजे मेंदूच्या अशा विकृतीने वाचा बिघडलेला, एखादा रुग्ण, समोर धरलेले घड्याळ ओळखत असूनही त्याचे नाव उच्चारू शकत नाही, आणि तोच इसम आरतीची कडवी चालीवर म्हणतो, बेचा पाढा म्हणतो, प्रसंगी एखादी सणसणीत शिवीही निर्दोष हासडतो (घरच्यांनी लाजू नये, ते वाचेचेच शिल्लक धन आहे). याच आधारावर 1973 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी एक पद्धती मांडली: ‘पाणी हवं’ यासारखे वाक्य साध्या चालीत बसवून, अक्षरागणिक रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरवून म्हणवून घ्यायचे व चाल हळूहळू काढून टाकायची. फळ संथपणे येते, सर्वांना सारखे येत नाही.

ज्यांचे स्वरयंत्रच कर्करोगामुळे काढले, त्यांच्या श्वासनलिका व अन्ननलिका यांमधील भिंतीत एक लहानशी झडप बसविता येते. गळ्यावरील छिद्र झाकले की फुप्फुसातील हवा तिच्यातून अन्ननलिकेत शिरते आणि तेथील कंपनातून नवा, जाडाभरडा आवाज निघतो.

वाचोपचारक घडविणाऱ्या संस्थांपैकी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था 1965 साली व वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 साली स्थापन झाली. तरीही जिल्ह्याच्या गावी प्रौढांसाठी वाचोपचारक मिळेलच अशी शाश्वती नाही, आणि ही सरकारी अनास्था अक्षम्य आहे. तोवर वाचकांना विनंती अशी की, घरात कोणास पक्षाघाताचा झटका आला तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत त्याच्या तोंडात पाणीही घालू नये, आणि इस्पितळातून निघण्यापूर्वी वाचोपचारकाची भेट मागून घ्यावी.